अखंड दिसणारा चौकोनांचा नकाशा

वेबसाइटवरचा बोटाने सरकवता येणारा नकाशा अखंड दिसतो. असतो मात्र २५६ पिक्सेल लांबीरुंदीच्या चौकोनी चित्रांचा. या चित्रांना टाइल म्हणतात. झूम शून्यावर असताना अख्खे जग एका टाइलमध्ये मावते. पुढच्या प्रत्येक पायरीला एकीच्या जागी चार येतात, आणि अठराव्या पायरीवर ही संख्या सुमारे ६,८७२ कोटींवर जाते. ब्राउझर त्यांतल्या पडद्याला लागतील तेवढ्याच मागवतो, म्हणून साध्या मोबाइलवरही नकाशा चालतो.

या टाइलांमागची माहिती अनेकदा ओपनस्ट्रीटमॅपची असते. स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पात रस्ते, नद्या, गावे स्वयंसेवक भरतात. टाइला जुळवून मांडण्याचे काम लीफलेट ही जावास्क्रिप्ट लायब्ररी करते. युक्रेनच्या व्होलोदिमिर अगाफोन्किन यांनी ती २०११ मध्ये खुली केली. नकाशासाठी पानावर एक रिकामी चौकट, मध्यबिंदूचे अक्षांश-रेखांश आणि झूमची पायरी दिली की चार-पाच ओळींत काम भागते.

खरी मजा त्यावर स्वतःची माहिती चढवण्यात आहे. २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचेच घ्या. प्रत्येक किल्ल्याचे नाव व स्थान जिओजेसन या भौगोलिक माहितीच्या साच्यातल्या फाइलमध्ये लिहिले की नकाशावर बारा खुणा उमटतात. अकरा महाराष्ट्रात, तर जिंजीची एकटी तमिळनाडूत. खुणेला टिचकी मारताच माहितीची चौकट उघडेल, अशी सोय करता येते. नवखे हमखास फसतात ते आकड्यांच्या क्रमात. लीफलेटला आधी अक्षांश लागतो, जिओजेसनमध्ये आधी रेखांश. अदलाबदल झाली की शिवनेरी थेट नॉर्वेच्या उत्तरेला, आर्क्टिकच्या पाण्यात जाऊन बसतो!

खुले म्हणजे विनाअट नव्हे. नकाशाच्या कोपऱ्यात ओपनस्ट्रीटमॅपचा श्रेयोल्लेख ठेवावाच लागतो. त्यांचे टाइल-सर्व्हर देणग्यांवर चालतात. मोठ्या वर्दळीच्या वेबसाइटने टाइला दुसरीकडून घ्याव्यात किंवा स्वतः तयार कराव्यात. भारतातल्या प्रकाशकाने सीमारेषाही तपासलेली बरी. ओपनस्ट्रीटमॅप प्रत्यक्ष ताब्यानुसार सीमा दाखवतो, तर भारतीय कायद्याला सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी जुळणारी सीमा हवी असते.

चित्ररूपी टाइलांवरची नावे चित्रातच छापलेली असल्याने बदलता येत नाहीत. व्हेक्टर टाइलांमध्ये चित्राऐवजी माहिती येते आणि रेखाटन ब्राउझर करतो. त्यासाठी मॅपलिबर ही लायब्ररी आहे. मॅपबॉक्स या नकाशा-कंपनीने २०२० च्या अखेरीस आपल्या लायब्ररीचा खुला परवाना काढून घेतला, तेव्हा आधीच्या खुल्या आवृत्तीवरून ती उभी राहिली. टाइलांमध्ये मराठी नावे असतील, तर नकाशा देवनागरीत वाचता येतो. एखाद्या वाडीचे मराठी नाव मुळात भरलेलेच नसेल, तर ओपनस्ट्रीटमॅपवर खाते उघडून ते कोणालाही भरता येते.