रत्नागिरीतील क्रीडांगणे व सार्वजनिक मेळाव्याची स्थळे

रत्नागिरी शहर जांभ्या दगडाच्या सड्यावर व त्याखालच्या किनारपट्टीवर वसले आहे. येथे वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. सपाट मोकळी जागा मोजकी, तीही वर्षाचा तिसरा हिस्सा ओली. त्यामुळे खेळ, सभा व उत्सव यांच्या जागा बहुधा ऋतू पाहून ठरतात आणि एकच मैदान अनेक कामांना वापरले जाते.

मैदाने व पुळण

मारुती मंदिर परिसरातील छत्रपती शिवाजी स्टेडियम आणि प्रमोद महाजन क्रीडा संकुल ही शहरातील परिचित क्रीडास्थळे होत. संकुलात क्रीडास्पर्धांबरोबरच राजकीय सभाही भरतात. पुरुषांच्या कबड्डीला केवळ १३ मीटर लांब व १० मीटर रुंद मैदान पुरते. डोंगरउताराच्या कोकणात हा खेळ वाडीवाडीत रुजला, यात नवल नाही. क्रिकेटला मात्र ऐसपैस जागा लागते. ती गरज काही अंशी काजळी नदीच्या मुखाजवळची भाट्ये येथील पुळण भागवते. ओहोटीनंतर तेथील ओली वाळू घट्ट होते व टेनिस चेंडूचे डाव रंगतात. खेळाची वेळ अर्थातच भरतीच्या हाती असते. मांडवीच्या बंदरावर संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते.

देवळे व सहाण

शिमग्यात ग्रामदैवत श्री देव भैरीची पालखी बाहेर पडते, तेव्हा रस्ते व अंगणे हीच मेळाव्याची जागा बनते. पालखी जेथे विसावते त्या चौथऱ्यास कोकणात ‘सहाण’ म्हणतात. रत्नागिरीत झाडगावची सहाण प्रसिद्ध आहे.

एकत्र बसण्याचा हक्क मात्र सर्वांना सारखा नव्हता. अस्पृश्य मानलेल्या जातींना देवळांत मज्जाव असे. सर्व जातींच्या हिंदूंना खुले असलेले पतितपावन मंदिर भागोजी बाळोजी कीर यांनी स्वखर्चाने बांधले व ते २२ फेब्रुवारी १९३१ रोजी सुरू झाले. १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या वि. दा. सावरकरांचा त्यामागे पुढाकार होता. येथील सहभोजनांत निरनिराळ्या जातींचे लोक एका पंगतीला बसत. ज्या काळात पंगतीवरून माणसाला वाळीत टाकले जाई, त्या काळात अशा पानावर बसणे ही सोपी गोष्ट नव्हती.

नाट्यगृह व राजवाडा

नाट्यप्रयोगांसाठी शहरात स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृह आहे. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याच्यासाठी इंग्रज सरकारने बांधलेला राजवाडा १९१० मध्ये पूर्ण झाला. १९१६ मध्ये राजाचे रत्नागिरीतच निधन झाले. नजरकैदेसाठी उभारलेल्या या वास्तूच्या आवारात आता कोरड्या हंगामात ‘आर्ट सर्कल’ संस्थेचा कला संगीत महोत्सव उघड्यावर भरतो.