चराईबंदी करताना शेळीवालीलाही विचारा



आपल्या उस्मानाबादी शेळीचं नाव देशभर आहे. ती बऱ्याचदा जुळी करडं देते, दुष्काळात तगून राहते आणि अडीनडीला बाईच्या हातात पैसा येतो. पण जिला शेत नाही, तिच्या शेळ्या चरतात गायरानात, माळावर. तो माळच उजाड झाला तर शेळी उपाशी आणि विहीरही कोरडी.

माळ उजाड का होतो? पवना, मारवेल असं चांगलं गवत बी धरायच्या आतच चरलं गेलं, तर पुढच्या वर्षी उगवायला बी उरत नाही. मागे राहतं कुसळी गवत. मुळांनी धरून न ठेवलेली माती पावसात वाहून जाते, पाणी मुरत नाही. म्हणून पाणलोटाच्या कामात समतल चरांबरोबर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदीही करतात.

पण बंदीचा फायदा आधी होतो तो खालच्या अंगाला विहीर असणाऱ्याला. झळ बसते ती फक्त चार शेळ्या असलेल्या बाईला.

संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीत हाच वाद झाला. वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही १९९३ साली सुरू झालेली संस्था तिथं गावकऱ्यांबरोबर काम करत होती. शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्यांनी बंदीला विरोध केला. मग सगळा माळ एकदम बंद न करता टप्प्याटप्प्यानं बंद करायचं ठरलं. एका भागात गवत वाढेल, तोवर दुसरा भाग चरायला मोकळा. पूर्वी उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या त्या गावाचा टँकर पुढं बंद झाला. ही संस्था गावातल्या बचत गटांची संयुक्त महिला समितीही करते, म्हणजे बायकांचं म्हणणं बैठकीत पोचतं.

आपल्या गावात बंदीची चर्चा निघाली, तर तीन गोष्टी मागा. एक, माळाचे भाग पाडून पाळीपाळीनं बंदी. दोन, बंद भागातलं गवत विळ्यानं कापून न्यायची मुभा, आणि त्यात भूमिहीन बाईचा नंबर पहिला. तीन, गायरानाच्या कडेनं शेवरी, सुबाभूळ अशी पाल्याची झाडं.

हे मागायचं कुठं? नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेतलीच पाहिजे, असा कायदा आहे. तिथं विषय मांडा. आणि उठायच्या आधी ठराव वहीत लिहिला गेला का, ते वाचून घ्या.