पिंपळ, ऑक्सिजन आणि हवेचा इतिहास

‘पिंपळ रात्रीसुद्धा ऑक्सिजन सोडतो’ हा संदेश मोबाइलवर पुन्हा पुन्हा फिरत येतो आणि चांगली शिकलेली माणसंही तो पुढे पाठवतात. हे खरं नाही. वनस्पती पाण्याचा रेणू फोडून ऑक्सिजन मोकळा करतात आणि त्याला प्रकाश लागतोच. रात्री पिंपळही इतर सजीवांप्रमाणे श्वसन करतो, म्हणजे ऑक्सिजन वापरतो. काही वनस्पती रात्री कार्बन डायऑक्साइड शोषून साठवतात, पण ऑक्सिजन त्यांच्याकडूनही उजाडल्यावरच मिळतो. पिंपळ जरूर लावावा. सावली आणि पाखरं एवढं कारण पुरेसं आहे.

या समजुतीच्या मुळाशी आणखी मोठा गैरसमज आहे: हवा पहिल्यापासून अशीच होती आणि आजची झाडं रोजच्या रोज ऑक्सिजन पुरवतात म्हणून आपण जगतो.

पृथ्वीचं वय सुमारे 454 कोटी वर्षं. सुरुवातीच्या हवेत ज्वालामुखींतून आलेली वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन होता. मोकळा ऑक्सिजन जवळपास नव्हताच. वाफेचे समुद्र झाले. कार्बन डायऑक्साइड बराचसा चुनखडीत अडकला. नायट्रोजन सहसा कशाशी संयोग पावत नाही, म्हणून तो साचत गेला आणि आज हवेत 78 टक्के आहे.

ऑक्सिजन आणला तो सायनोबॅक्टेरिया या सूक्ष्मजीवांनी, समुद्रात. पण तो लगेच हवेत आला नाही. तेव्हाच्या समुद्रात लोह विरघळलेलं होतं. ऑक्सिजनशी गाठ पडली की ते गंजून तळाशी बसे. त्या गाळाचे खडक आजही हातात धरता येतात: लोहाचा तांबडा-काळा पट्टा, त्यावर सिलिकाचा फिका पट्टा, पुन्हा लोहाचा, असे थरावर थर. गोव्यातल्या डिचोलीचं, सिंधुदुर्गातल्या रेडीचं आणि गडचिरोलीतल्या सुरजागडचं लोहखनिज अशाच पट्टेदार खडकांतलं आहे. खाणीतून ट्रक भरून जाणारं ते खनिज म्हणजे हवेच्या इतिहासाची पानं आहेत, हे आपल्या पाठ्यपुस्तकांनी ठळकपणे सांगायला हवं.

हवेत ऑक्सिजन टिकू लागला तो सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी. जमिनीवर वनस्पती आल्या जेमतेम 47 कोटी वर्षांपूर्वी. मधला प्रचंड काळ झाडांविना गेला. पुढे ऑक्सिजन सरळ वाढत गेला असंही नाही. शंभर कोटींहून अधिक वर्षं तो आजच्या मानाने फारच कमी होता, तर 30 कोटी वर्षांपूर्वी आजच्या 21 टक्क्यांच्याही वर, 30 टक्क्यांच्या आसपास गेला असावा. दलदलीतली जंगलं पूर्ण कुजण्याआधीच गाडली गेली, त्यांचा कोळसा झाला, म्हणून हे घडलं.

खरी मेख इथेच आहे. झाड जगताना जेवढा ऑक्सिजन देतं, जवळपास तेवढाच ते कुजताना किंवा जळताना परत घेतला जातो. न कुजता गाडला गेलेला अंश तेवढा शिल्लक पडतो. म्हणून ‘जगाचा 20 टक्के ऑक्सिजन अॅमेझॉन देतं’ हेही चूक. त्या जंगलाची निव्वळ भर शून्याच्या जवळ आहे. आपण श्वासात घेतो ती कोट्यवधी वर्षांची जुनी ठेव आहे.

मग जंगल तोडलं तर बिघडलं कुठे? बिघडतं ते दुसऱ्या वायूमुळे. कोरड्या हवेच्या दर दहा लाख रेणूंत ऑक्सिजनचे सुमारे 2,09,500 रेणू असतात आणि कार्बन डायऑक्साइडचे 420च्या थोडे वर. यातले शंभर इकडचे तिकडे झाले तर ऑक्सिजनला जाणवतही नाही, कार्बन डायऑक्साइडचं मात्र अख्खं गणित बदलतं. हवाईमधल्या मौना लोआ इथे 1958 साली मोजणी सुरू झाली तेव्हा हा आकडा 315 होता.

‘हवामान पूर्वीही बदलत होतंच की’ असं यावर ऐकू येतं. बदलत होतं. पण अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले बुडबुडे सांगतात की औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या आठ लाख वर्षांत हा आकडा साधारण 180 ते 300च्या मध्येच राहिला. हिमयुग सरताना तो शंभरच्या आसपास वाढायला हजारो वर्षं लागत. आपण तेवढी भर सत्तर वर्षांच्या आत घातली. दोष ज्वालामुखींवरही ढकलता येत नाही. जगातले सगळे ज्वालामुखी वर्षभरात जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्याच्या निदान पन्नासपट माणूस सोडतो.