आफ्रिकेस निघण्यापूर्वी काय वाचावे?

नाशिकच्या व्यापारी घरातून कोणी नैरोबी, कंपाला किंवा दारेसलामला निघाले, की आठवडाभर आधीच घर कामाला लागते. खाकरे, थेपले, सुकी चटणी आणि मुगाच्या डाळीची पाकिटे भरली जातात. पीतज्वराची लस टोचून घेऊन पिवळे कार्ड पासपोर्टात जपून ठेवले जाते. तिकडे आधीच स्थायिक झालेल्या कोणा हालारी किंवा कच्छी कुटुंबाचा दूरध्वनी क्रमांक मिळवला जातो. इतकी तयारी झाली की घर निश्चिंत होते. मोजून भरलेल्या बॅगेत पुस्तकाला मात्र जागा उरत नाही, आणि ती उरली नाही याची कोणास खंतही वाटत नाही.

सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी एका जैन व्यापाऱ्याने याविषयी निराळा विचार केला होता. १८९३ साली मोहनदास गांधी दादा अब्दुल्ला यांच्या पेढीच्या दाव्यासाठी दक्षिण आफ्रिकेत गेले. तेथे धर्माविषयी मनात वादळ उठले, तेव्हा त्यांनी मुंबईत जवाहिराचा व्यवसाय करणाऱ्या श्रीमद् राजचंद्रांना २७ प्रश्न लिहून पाठवले. १८९४ मध्ये त्यांची उत्तरे आली, आणि राजचंद्रांनी काही ग्रंथही धाडले. गांधीजींनी आत्मकथेत त्या ग्रंथांची नावे नोंदवली आहेत: पंचीकरण, मणिरत्नमाला, योगवासिष्ठातील मुमुक्षुप्रकरण आणि हरिभद्रसूरींचा षड्दर्शनसमुच्चय. या यादीकडे जरा थांबून पाहावे. पाठवणारा जैन, वाचणारा वैष्णव, आणि ग्रंथांत वेदान्ताचे आहेत. जैन आचार्याचा जो ग्रंथ आहे, तोही केवळ आपले मत मांडणारा नाही. इतर दर्शनांचे म्हणणे त्यांच्याच भूमिकेतून क्रमाने सांगणारा तो ग्रंथ आहे. परक्या भूमीवर गेलेल्या तरुणाला दुसऱ्याचे म्हणणे नीट ऐकता यावे, हा या निवडीमागचा हेतू असावा असे मानण्यास जागा आहे.

आज आफ्रिकेस जाणाऱ्याला तेच हवे आहे. ५४ देशांच्या या खंडाविषयी आपल्याकडे दोनच चित्रे प्रचलित आहेत. एक सिंह-हत्तींचे, दुसरे दुष्काळाचे आणि लुटालुटीचे. तिसरे चित्र पुस्तकांतून मिळते, आणि त्याची सुरुवात नाशिकमध्येच होते.

शरणपूर रोडवरून रोज हजारो नाशिककर जातात. शरणपूर हे नाव कोठून आले, हे त्यांतील थोड्यांस ठाऊक असते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीच्या पाद्र्यांनी येथे ख्रिस्ती वसाहत उभारली. अरबी समुद्रात ब्रिटिश नौदलाने पकडलेल्या जहाजांतून गुलाम म्हणून विकायला नेलेली आफ्रिकी मुले सोडवली जात. त्यांतील काहींना मुंबईहून येथे आणून ठेवत. सुतारकाम, लोहारकाम, इंग्रजी आणि बायबल असे त्यांचे शिक्षण होई. डेव्हिड लिव्हिंग्स्टन आपल्या अखेरच्या मोहिमेची तयारी करताना १८६५ मध्ये मुंबईस आले, तेव्हा त्यांनी या शाळेतील नऊ तरुण सोबतीस घेतले. इतिहासाच्या पुस्तकांत ते 'नासिक बॉइज' म्हणून ओळखले जातात.

त्यांच्या मागून, १८७२ मध्ये, स्टॅन्लीने पाठवलेल्या तुकडीतून जेकब वेनराइट हा नाशिकला शिकलेला आणखी एक तरुण लिव्हिंग्स्टनकडे पोहोचला. १८७३ च्या मे महिन्यारंभी आजच्या झांबियातील चितांबो या गावी लिव्हिंग्स्टन वारले. त्यांचे हृदय तेथेच झाडाखाली पुरले गेले. दफनाच्या प्रार्थना वेनराइटने वाचल्या आणि झाडाच्या खोडावर लेख कोरला. मग चुमा, सूसी, वेनराइट आणि इतर सोबत्यांनी सुकवलेला देह गुंडाळून, महिनोन्‌महिने चालून समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये झालेल्या अंत्यविधीत वेनराइट शवपेटीसोबत होता. गोदाकाठच्या शाळेत अक्षरे गिरवलेल्या या आफ्रिकी माणसाचे स्मरण आज नाशकात फारसे कोणी करत नाही, हे खेदाचे आहे.

म्हणून पूर्व आफ्रिकेस निघालेल्या नाशिककराने पहिले पुस्तक घ्यावे ते पेटिना गप्पा या झिंबाब्वेच्या लेखिकेची २०१९ साली आलेली 'आउट ऑफ डार्कनेस, शायनिंग लाइट' ही इंग्रजी कादंबरी. लिव्हिंग्स्टनचा देह वाहून नेणाऱ्यांची ही कथा आहे. तिचे दोन निवेदक आहेत. एक तोंडाळ, चतुर स्वयंपाकीण हलिमा आणि दुसरा आपल्या धर्मनिष्ठेचा व इंग्रजीचा जरा जास्तच अभिमान बाळगणारा जेकब वेनराइट. ज्यांच्या खांद्यावरून इतिहास गेला, पण ज्यांच्या हाती लेखणी नव्हती, ती माणसे येथे बोलतात. ज्याच्या हाती लेखणी होती तो वेनराइट काय पाहतो आणि काय त्याच्या नजरेतून सुटते, हेही लेखिकेने कौशल्याने दाखवले आहे.

त्यानंतर, धीर असेल तर, खुद्द लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या रोजनिशा वाचाव्यात. होरेस वॉलर याने संपादित केलेल्या या रोजनिशा १८७४ मध्ये प्रसिद्ध झाल्या. धीर असेल तर म्हणण्याचे कारण केवळ त्यांची लांबी नव्हे. त्यांत नाशिकच्या मुलांविषयी तक्रारी आहेतच, पण 'बनियान' हा शब्दही वारंवार येतो, आणि तो आदराने येत नाही. झांझिबारहून आत जाणाऱ्या हस्तिदंताच्या आणि गुलामांच्या काफिल्यांमागे हिंदी व्यापाऱ्यांचे भांडवल आहे, असा लिव्हिंग्स्टनचा आरोप आहे. त्याच्या लेखनात युरोपियनाचा पूर्वग्रह आहे, हे खरे. परंतु झांझिबारच्या सुलतानाच्या जकातीचा मक्ता दीर्घकाळ जयराम शिवजी या कच्छी पेढीकडे होता आणि काफिल्यांना उधारीवर माल देणारे हिंदी सावकार होते, ही गोष्ट इतिहासकारांनीही मान्य केली आहे. ज्यांच्या घरात अहिंसेचा उच्चार रोज होतो, त्यांनी ही पाने उलटून पुढे जाऊ नये. हस्तिदंत कोठून आले आणि ते कोणाच्या पाठीवरून आले, हा प्रश्न वहीखात्यात कधी लिहिला जात नसे.

हीच बाजू कादंबरीच्या अंगाने समजून घ्यायची असेल, तर अब्दुलरझाक गुर्ना यांची 'पॅराडाइज' (१९९४) वाचावी. झांझिबारमध्ये जन्मलेल्या गुर्नांना २०२१ चे साहित्याचे नोबेल मिळाले, तेव्हा भारतात अनेकांनी त्यांचे नाव प्रथमच ऐकले. कादंबरीचा नायक युसुफ हा बारा वर्षांचा मुलगा. बापाला कर्ज फेडता येत नाही, म्हणून तो मुलाला सावकार व्यापाऱ्याच्या हवाली करतो. मुलगा त्या व्यापाऱ्याला काका म्हणतो, आणि आपण तारण आहोत हे त्याला फार उशिरा उमगते. दुकान, उधारी, काफिला, नफा, तोटा या सर्व गोष्टी व्यापारी वाचकाच्या परिचयाच्या आहेत. फक्त येथे त्या दुकानाच्या आतून नव्हे, तर तारण पडलेल्या मुलाच्या डोळ्यांनी दिसतात. पेढीवर बसणाऱ्या तरुणाने एक तरी कादंबरी वाचायची तर ती ही, असे निःशंकपणे म्हणता येईल.

मोंबासाहून आत जाणारी रेल्वे हा पुढचा अध्याय. १८९६ ते १९०१ या काळात तिच्या बांधणीसाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेण्यात आले आणि त्यांतील सुमारे अडीच हजार तेथेच मरण पावले. १८९८ मध्ये त्सावो नदीवरच्या पुलापाशी दोन सिंहांनी मजुरांवर जो कहर केला, त्याची हकिगत पॅटरसन या इंजिनिअरने १९०७ मध्ये 'मॅन-ईटर्स ऑफ त्सावो' या पुस्तकात लिहिली. सफारीला जाणारे पर्यटक ते हौसेने वाचतात. वाचावे, पण त्यात मजुरांना फारसा आवाज नाही, हे ध्यानी ठेवावे.

रेल्वेच्या मागोमाग दुकाने गेली. स्वाहिली भाषेत दुकानाला 'दुका' म्हणतात, वाहनाला 'गारी', विम्याला 'बिमा', आणि चपातीला चपातीच. जामनगरच्या आसपासच्या गावांतून गेलेले हालारी विसा ओसवाल केनियात याच मार्गाने पसरले. मोंबासाचे शिखरबद्ध जिनालय १९६३ मधले आहे. प्रवाशाला तेथे दर्शन घडते, भोजनशाळेत ओळखीचे जेवण मिळते, आणि गुजराती तर सगळीकडे चालते. धोका येथेच आहे. या ऊबदार वर्तुळात राहून माणूस दोन वर्षे नैरोबीत काढू शकतो आणि तरीही आफ्रिका पाहिलेली नसते. घरातला नोकर आणि गोदामातला हमाल यांच्यापलीकडे एकाही आफ्रिकी माणसाचे नाव त्याला ठाऊक नसते.

त्या वर्तुळाच्या भिंती किती पातळ होत्या, ते १९७२ च्या ऑगस्टमध्ये दिसले. इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला आणि पिढ्यान्‌पिढ्या उभी केलेली दुकाने व कारखाने मागे राहिले. या प्रकरणावर दोन पुस्तके एकत्र वाचण्यासारखी आहेत. पहिले मनुभाई मढवाणी यांचे 'टाइड ऑफ फॉर्च्यून'. काकिराचा साखर कारखाना, अमीनच्या तुरुंगातले दिवस, हद्दपारी आणि १९८० च्या दशकात परतून सर्व पुन्हा उभारणे, असा हा प्रवास आहे. व्यापारी घरांना ते मनापासून भावेल. दुसरे महमूद ममदानी यांचे 'फ्रॉम सिटिझन टू रेफ्युजी' (१९७३). तेही हद्दपार झालेले, पण त्यांना वेगळा प्रश्न पडतो. पहिले पुस्तक वाचून उर भरून येतो. दुसरे वाचून झोप उडते, कारण सामान्य युगांडी माणूस आपल्याकडे कसा पाहत होता, याकडे ते डोळेझाक करू देत नाही. दोन्हींपैकी एकच वाचणे हे अर्धेच वाचणे होय. नानजी कालिदास मेहता यांचे 'ड्रीम हाफ एक्सप्रेस्ड' हे आत्मचरित्र मिळाले तर तेही घ्यावे. कोवळ्या वयात समुद्रापार गेलेल्या मुलाने उद्योग कसा उभारला, याची ती जुन्या वळणाची कथा आहे.

एम. जी. वसनजी यांची 'दि इन-बिट्वीन वर्ल्ड ऑफ विक्रम लाल' (२००३) केनियाच्या स्वातंत्र्याच्या आगेमागे घडते. गोरे वर आणि काळे खाली अशा समाजात मधल्या पायरीवर उभ्या असलेल्या हिंदी कुटुंबाची ती कहाणी आहे. नायक पुढे लाच पोहोचवणारा मध्यस्थ होतो आणि त्याबद्दल सबबी सांगत नाही. नायपॉल यांची 'अ बेंड इन द रिव्हर' (१९७९) यापेक्षा अधिक प्रसिद्ध आहे. किनाऱ्यावरचा सलीम खंडाच्या आतल्या एका गावात दुकान विकत घेतो आणि एक दिवस सरकार ते दुकान दुसऱ्याच्या नावे करते. भाषा अप्रतिम, पण आफ्रिकी माणसांविषयीची नजर थंड. ही कादंबरी पहिली वाचू नये. वसनजी आणि गुर्ना वाचून मग तिच्याकडे वळावे.

दक्षिण आफ्रिकेस जाणाऱ्यांसाठी गांधीजींचे 'दक्षिण आफ्रिकेच्या सत्याग्रहाचा इतिहास' आजही उपयोगी आहे. सुरुवातीची प्रकरणे देशाचा भूगोल आणि पूर्वेतिहास सांगतात. हिंदी व्यापाऱ्यांना परवाने नाकारून कसे कोंडीत धरले गेले, तेही त्यात आहे. मूळ आफ्रिकी जनता मात्र त्यात बहुतांशी पार्श्वभूमीवर राहते. ती उणीव नेल्सन मंडेलांचे 'लाँग वॉक टू फ्रीडम' (१९९४) भरून काढते. पश्चिमेकडे, नायजेरिया-घानाकडे जाणाऱ्यांनी चिनुआ अचेबे यांची 'थिंग्ज फॉल अपार्ट' (१९५८) ही छोटी कादंबरी चुकवू नये. एका इग्बो गावाचे रीतिरिवाज, न्याय आणि सण यांची घडी मिशनरी व गोरे अधिकारी येताच कशी विस्कटते, ते पाहिल्यावर 'तिकडे पूर्वी काही नव्हतेच' असे वाक्य तोंडून निघणार नाही.

यांतील बहुतेक पुस्तके इंग्रजी आहेत, ही अडचण आहेच. मराठी प्रवासवर्णनाची परंपरा समृद्ध आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्येच अमेरिकेचे लोकजीवन मराठीत आणले आणि पु. ल. देशपांडे यांची 'अपूर्वाई' घरोघरी पोहोचली. परंतु सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडे या परंपरेची पावले कमीच वळली. मीना प्रभू यांचे 'इजिप्तायन' उत्तर टोकापुरते तरी वाट दाखवते. गांधीजींची आत्मकथा मराठीत सहज मिळते आणि तिचा दुसरा भाग आफ्रिकेचाच आहे. इतर पुस्तके घरातील तरुणांनी वाचून जेवणानंतर वडीलधाऱ्यांना सांगावीत. १८४० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयासारखी जुनी संस्था नाशकात आहे. तिच्याकडे आपण आफ्रिकेवरील पुस्तकांची मागणी सातत्याने केली, तर तीही दखल घेईल.

मोंबासास गेलात, तर बेटावरून पूल ओलांडून उत्तरेस फ्रिअर टाउन लागते. नाशिकच्या शरणपुराचे पाद्री प्राइस यांनी १८७५ च्या सुमारास सोडवलेल्या गुलामांसाठी ही वसाहत उभारली. तिचे आरंभीचे रहिवासी आणि शिक्षक नाशिकहून परतलेले आफ्रिकी होते. नाव मुंबई इलाख्याचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचे. चौकात अजून जुनी घंटा आहे आणि त्या भागाला 'केंगेलेनी', म्हणजे घंटेची जागा, म्हणतात.

शेवटी स्वाहिलीची एक छोटी संभाषणपुस्तिका जरूर घ्यावी आणि तीत घड्याळाचे पान आधी पाहावे. स्वाहिली भाषिक तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळी सात म्हणजे 'सा मोजा', पहिला तास, आणि नऊ म्हणजे 'सा तातू', तिसरा. नवकारशीची वेळ सूर्योदयावरून धरणाऱ्या घरांना हा हिशेब परका वाटू नये. व्यापाऱ्याने भेटीची वेळ 'सा तातू' अशी दिली, तर पहाटे तीनला नव्हे, सकाळी नऊला जावे.