बाटली पाहावी काळ्यावर आणि पांढऱ्यावर

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतींतल्या गाळ्यांमध्ये जाहिरातींसाठी वस्तूंची छायाचित्रे काढणारे स्टुडिओ आहेत. काचेची बाटली समोर आली की नवखा माणूस दिवा थेट तिच्यावर रोखतो. काच आरशासारखा तो दिवाच परत दाखवते, पांढरा चट्टा उमटतो आणि बाटलीचा आकार हरवतो. जाणकार छायाचित्रकार तिच्या मागे उजळ पांढरा पडदा आणि दोन्ही बाजूंना काळे पुठ्ठे ठेवतो. मग काचेच्या कडा काळ्या रेघेसारख्या उठून दिसतात. मागे काळा पडदा लावून बाजूंनी प्रकाश सोडला, तर त्याच कडा चमकतात. पारदर्शक काच दिसते ती प्रामुख्याने प्रकाश वाकवते आणि परतवते म्हणून.

इंजेक्शनच्या कारखान्यात हेच तत्त्व रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी वापरतात. शिरेतून दिलेल्या द्रवात काचेचा कण किंवा तंतू असेल, तर तो फुप्फुसातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकू शकतो. म्हणून युरोपियन फार्माकोपियाच्या पद्धतीनुसार कुपी बुडबुडे न होऊ देता हलकेच फिरवतात आणि सुमारे ५ सेकंद पांढऱ्या, ५ सेकंद काळ्या पार्श्वभूमीवर न्याहाळतात. प्रकाश २,००० ते ३,७५० लक्स, म्हणजे घरातल्या दिव्यापेक्षा कितीतरी जास्त. काळसर कण पांढऱ्यावर उठून दिसतात. पांढुरके तंतू आणि काचेचा चुरा काळ्यावर.

घरी इन्सुलिन घेणाऱ्यांनीही ही सवय लावून घ्यावी. खिडकीजवळच्या उजेडात बाटलीमागे आधी पांढरा कागद, मग काळे कापड धरावे. पाण्यासारखे स्वच्छ असणारे इन्सुलिन गढूळ दिसले तर वापरू नये. एनपीएच इन्सुलिन मुळातच दुधाळ असते. तळहातांत हलके घोळवल्यावर ते एकसारखे व्हायला हवे. गुठळ्या राहिल्या किंवा काचेला पापुद्रा चिकटला, तर ते टोचू नये. अशी बाटली फेकून न देता, बॅच क्रमांक टिपून औषधविक्रेत्याला दाखवावी.

मात्र स्वच्छ दिसणे म्हणजे निर्जंतुक असणे नव्हे. एका मिलिलिटरमध्ये लाखो जंतू होईपर्यंत द्रव नितळ दिसू शकतो. त्यामुळे उघडल्याची तारीख बाटलीवर लिहावी आणि मुदत संपली, की बाटली कितीही नितळ दिसली तरी बाजूला ठेवावी.