ब्राँझमधलं रान (भाग ६) : शिकाऱ्याची नजर

फ्रेंच शिल्पकार आंत्वान-लुई बारीने वाघ-सिंह अभ्यासले ते पॅरिसच्या प्राणिबागेत, हे मागच्या भागात आपण पाहिलं. अमेरिकी शिल्पकार अलेक्झांडर फिमिस्टर प्रॉक्टर प्राणी शिकला तो रॉकी पर्वतात, खांद्यावर बंदूक टाकून हिंडताना. 1860 साली कॅनडात जन्मलेला हा मुलगा डेन्व्हरमध्ये वाढला. माग काढायचा, शिकार पडली की कुठला स्नायू कुठल्या हाडाला धरून आहे ते बघायचं, चित्रं काढायची. आज हे वाचताना त्रास होतो. पण त्याच्या शिल्पांतली अचूकता तिथूनच आली, हेही खरं.

त्याचा दबा धरून सरकणारा प्यूमा पाहा. पोट जमिनीला टेकायच्या बेतात, डोकं खाली, खांद्याची पाती वर उचललेली. मांजरकुळात पुढचा पाय छातीच्या सापळ्याला सांध्याने जखडलेला नसतो, स्नायूंवरच तोललेला असतो. म्हणून अंग खाली दाबलं की खांदे असे वर येतात. हे ठाऊक असलेला शिल्पकारच झेपेआधीचा तो ताण धातूत आणू शकतो. 1909 मध्ये अमेरिकेचं राष्ट्राध्यक्षपद सोडणाऱ्या थिओडोर रूझवेल्टना मित्रांनी भेट दिली ती प्रॉक्टरच्या प्यूमाचीच.

प्रॉक्टरचं नाव झालं ते त्याआधीच, 1893 च्या शिकागोतल्या जागतिक प्रदर्शनात. तिथल्या पुलांवर त्याचे मूस, एल्क, प्यूमा उभे राहिले. पण ते प्लास्टर आणि तागाच्या मिश्रणाचे, चार दिवसांचे पाहुणे. पुढे पॅरिसचं शिक्षण झालं, शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडन्सच्या हाताखाली घोडे घडवले. न्यूयॉर्कच्या शर्मन स्मारकातला घोडा त्यांपैकीच.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात ते त्याचे बायसन (आपला गवा नव्हे, हा गवताळ मैदानांवरचा, मानेवर दाट आयाळ असलेला). कोट्यवधींचे हे कळप बेसुमार शिकारीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हजाराच्याही आत आले होते. रूझवेल्टनी व्हाइट हाउसच्या भोजनदालनातल्या शेकोटीवरच्या सिंहांऐवजी बायसनची डोकी हवीत असं ठरवलं, आणि ते काम प्रॉक्टरकडे आलं. नंतर वॉशिंग्टनच्या डंबार्टन पुलावर त्याने चार पूर्णाकृती बायसन उभे केले. जे जनावर देशाने जवळपास संपवलं, तेच राजधानीतल्या पुलावर राखणदारासारखं उभं आहे. ही विसंगती लपवू नये, आणि शिकारी प्रॉक्टरलाही तिच्यातून वगळू नये.

त्याच्या माणसांच्या पुतळ्यांचं नशीब वेगळं निघालं. डॅलसमधला रॉबर्ट ली (यादवी युद्धात गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेचा सेनापती) 2017 मध्ये हटवला गेला. ऑरेगन विद्यापीठातला ‘पायोनिअर’ (गोरा वसाहतकार) आणि पोर्टलंडमधला घोड्यावरचा रूझवेल्ट 2020 मध्ये आंदोलकांनी पाडले. गुलामगिरी आणि मूळ रहिवाशांच्या जमिनी यांचा हिशेब त्या पुतळ्यांकडे मागितला गेला, आणि तो मागणं रास्तच होतं. ऑस्टिनमधल्या टेक्सास विद्यापीठातले सात मस्तँग घोडे मात्र उतारावरून तसेच उधळत आहेत. 1948 मध्ये ते बसवले तेव्हा प्रॉक्टर सत्त्याऐंशीचा होता. दोनच वर्षांनी तो गेला.

पुढच्या आठवड्यात : ॲना हायट हंटिंग्टन आणि ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातला जॅग्वार.