बरं वाटलं, पण कशामुळे?

शिवाजी पार्कात सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींना हास्यक्लब नवा नाही. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ साली आपल्या मुंबईतच, अंधेरीला, जेमतेम पाच जणांना घेऊन तो सुरू केला. हसून आल्यावर बरं वाटतं, असं तिथे जाणारे सांगतात. ते खरंच सांगतात. पण बरं वाटलं ते हसण्यामुळेच का, हा आजचा आपला प्रश्न आहे.

आपल्या नैयायिकांकडे यासाठी एक शब्द आहे: उपाधी. अग्नी तिथे धूर, असं आपण पटकन म्हणतो. पण तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओलं सरपण लागतं. ती झाली उपाधी. हास्यक्लबात पहाटे उठणं आहे, चालणं आहे, 'काल दिसला नाहीत?' असं विचारणारं कुणीतरी आहे. उभारी नेमकी कशाने आली, हे नुसत्या अनुभवावरून कसं कळणार?

त्यासाठी तुलना लागते. २००५ साली मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी इंटरनेटवरून एक प्रयोग केला. चिठ्ठ्या उचलाव्यात तसे गट पाडले. एका गटाने आठवडाभर रोज रात्री दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी आणि त्या का घडल्या, हे लिहायचं. दुसऱ्याने लहानपणच्या आठवणी लिहायच्या. म्हणजे बघा, लिहिणं आणि ठरलेली वेळ दोन्हीकडे सारखीच. आठवणीवाल्यांनाही आधी बरं वाटलं, पण ते टिकलं नाही. तीन गोष्टींचा परिणाम सहा महिन्यांनीही दिसला. पुढे २०१३ साली असे ३९ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सरासरी फायदा दिसला, पण तो लहान होता.

आणि नैराश्य तीव्र असेल तर? गोव्यात विक्रम पटेल यांच्या गटाने प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या ४९५ रुग्णांवर चाचणी घेतली. नेहमीचे उपचार सगळ्यांनाच होते. निम्म्यांना त्याशिवाय, शिकवून तयार केलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत आवडीची, सुटलेली कामं पुन्हा धरायला मदत केली. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के आजारातून बाहेर आले होते, दुसऱ्यातले ३९. अर्थात, कामांचा गुण किती आणि कुणीतरी आस्थेने भेटल्याचा किती, ही उपाधी इथेही उरतेच.

पण उरलेल्या ३६ टक्क्यांचं काय? त्यांनी मन लावलं नाही, असं आपण म्हणणार का? लालबागच्या चाळीतली एखादी बाई रोज वही भरते आणि तरी तिला झोप नाही. तिला आपण 'जरा सकारात्मक राहा' म्हणतो, तेव्हा उपायाचं अपयश तिच्या पदरात टाकतो. चाचणीने आपल्याला एवढं नक्की शिकवलंय की चांगला उपायही सगळ्यांना लागू पडत नाही. अशा वेळी तिला वही पुढे चालू ठेव म्हणण्यापेक्षा डॉक्टरकडे सोबत जायचं.